वाचक विचारतात: डॉक्टर एकीकडे, संस्था दुसरीकडे, पेशंट मधेच

या वेळी आलेल्या पत्रांत आजाराबद्दल कमी आणि माणसांच्या एकमेकांशी न बोलण्याबद्दल जास्त होतं. डॉक्टर चांगले, नर्स चांगली, फिजिओ वेळेवर येतो, संस्थेची बाई प्रेमळ, तरी घरच्यांची दमछाक चालूच, कारण या सगळ्यांची मोट बांधणारं कुणी नाही. मी इस्पितळाच्या समाजसेवा विभागात बरीच वर्षं काढलीत आणि माझं मत पक्कं आहे, की जोडायचं काम हे एक वेगळं काम आहे, त्यावर कुणाचं तरी नाव लागलंच पाहिजे, नाहीतर ते न सांगता घरातल्या सुनेवर नाहीतर मुलीवर येऊन पडतं. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न (डिचोली): माझ्या सासऱ्यांना, वय ७४, पॅरालिसिसचा अटॅक आला. एका मोठ्या इस्पितळात होते, आता घरी आणलंय. डिस्चार्जच्या दिवशी एवढी गर्दी होती की कागद हातात दिला आणि महिन्याने या म्हणाले. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात बीपीची गोळी बदलायला हवी, इस्पितळातले म्हणतात आम्ही लिहिलंय तेच द्या, फिजिओ म्हणतो व्यायाम वाढवू का ते डॉक्टरना विचारून सांगा, आणि मी फाईल घेऊन नुसती फिरतेय. पेज भरवताना त्यांना ठसका लागतो, ते कुणाला सांगायचं तेच कळत नाही. नवरा बोटीवर आहे.

उत्तर: ताई, आधी ठसका. हे सगळ्यात तातडीचं आहे आणि तुम्ही ते पत्राच्या शेवटी लिहिलंय, म्हणून मी उलटं घेते. पॅरालिसिसनंतर गिळण्याचे स्नायूही कमजोर होतात, मग पाणी, चहा, पातळ पेज असं पातळसर काही चुकून श्वासनळीत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. आपल्याकडे आजारी माणसाला पहिली पेजच देतात, आणि अशा माणसाला नेमकी तीच अडचणीची. आजच डॉक्टरना फोन करून 'गिळताना ठसका लागतो' हे याच शब्दांत सांगा आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून मागा. बोलण्यावर काम करणारे थेरपिस्टच गिळणंही बघतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. तोवर आडवं ठेवून काही भरवायचं नाही, पूर्ण ताठ बसवून, छोटा घास, आणि खाल्ल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. पातळ द्यायचं की दाट करून द्यायचं हे मात्र फोनवर विचारूनच ठरवा. ताप आला, धाप लागली, आवाज घरघरीत झाला तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

आता गोळ्या. घरातल्या सगळ्या गोळ्या, जुन्या, नव्या, आयुर्वेदिक, सगळ्या एका पिशवीत घाला आणि पिशवीसकट फॅमिली डॉक्टरकडे जा. नुसती चिठ्ठी नेऊ नका, कारण घोटाळा बहुतेक वेळा नावांत असतो. बीपीची तीच अ‍ॅम्लोडिपिन इस्पितळातनं एका कंपनीच्या नावाने येते आणि गावातल्या फार्मसीतनं दुसऱ्या नावाने, घरच्यांना वाटतं दोन वेगळ्या गोळ्या आहेत, दोन्ही चालू राहतात, मग बीपी नको तेवढं खाली येतं, पाय सुजतात, चक्कर येऊन माणूस पडतो. त्यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही, प्रत्येकाने आपला कागद बरोबर लिहिलेला असतो, फक्त दोन्ही कागद एकाच वेळी कुणी वाचलेले नसतात. एक मात्र घट्ट लक्षात ठेवा, रक्त पातळ करायची गोळी कुणी काही म्हटलं तरी लिहून देणाऱ्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय बंद करायची नाही.

बीपीची गोळी कुणाची खरी, हा निकाल तुम्ही लावायचा नाही. तो दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून लावायचा. तुम्ही एवढंच करा, फॅमिली डॉक्टरना म्हणा, 'तुम्ही इस्पितळातल्या डॉक्टरना दोन ओळी लिहून द्या, मी नेऊन देते', नाहीतर त्यांच्यासमोरच तिकडे फोन लावा. डॉक्टरचं डॉक्टरला पत्र गेलं की उत्तर येतं, नातेवाईकाने तोंडी नेलेला निरोप मधल्या मधे विरतो. इस्पितळात भरती असतानाचे सगळे कागद तुम्ही मागितलेत तर ७२ तासांत द्यायला हवेत असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या, आवाज चढवायची गरज नाही.

मग एक वही करा, फाईल वेगळी आणि वही वेगळी. घरी जो येईल, फिजिओ, नर्स, डॉक्टर, त्याने त्यात तारीख घालून दोन ओळी लिहायच्या, काय बघितलं, काय बदललं, पुढे काय विचारायचंय. फिजिओने लिहिलं 'उभं करताना बीपी घसरतं' की डॉक्टरना ते वाचता येईल, आणि व्यायाम वाढवायचा की नाही याचं उत्तर डॉक्टर त्याच पानावर देतील, तुम्हाला मधे दुभाषी व्हावं लागणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात भराभर होते, म्हणून हे उत्तर महिन्याभराने मिळून चालत नाही.

आणि शेवटचं, इस्पितळात पुढच्या वेळी जाल तेव्हा समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा, तिथे मेडिकल सोशल वर्कर असतात. लोकांना वाटतं ही मंडळी फक्त योजनांचे फॉर्म भरून देतात. फॉर्म तर भरतातच, पण घरी पाठवण्याआधी घरात कोण आहे, जिने किती, संडास कसला, रात्री कोण उठणार, हे विचारणं आणि ते वॉर्डातल्या डॉक्टरांपर्यंत पोचवणं हे त्यांचं खरं काम. मुंबईत जे.जे. इस्पितळात १९४६ साली पहिली नेमणूक झाली, म्हणजे हे काम काही काल परवाचं नाही. तुमच्या बाबतीत कुणीतरी विचारायला हवं होतं की ताई, घरी उचलायला दुसरा माणूस आहे का. ते विचारलं गेलं नाही याचा मला मनापासून राग येतो. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचंही त्यांनाच विचारून ठेवा, ते लगेच मिळत नाही, प्रकृती स्थिर व्हावी लागते, आणि बहुतेक सवलतींसाठी अपंगत्व किमान ४० टक्के लागतं, पण कागद आत्तापासून जमवलेले बरे.

प्रश्न (वाळपई): आमची छोटी संस्था आहे, सत्तरी तालुक्यात बायकांसोबत काम करतो. पुष्कळ बायका झोप नाही, अंग दुखतं, जीव नकोसा झालाय असं सांगतात. आरोग्य केंद्रात पाठवलं की व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन येतात. आम्ही डॉक्टरना भेटलो, ते नीट बोलले पण वेळ नाही म्हणाले. आम्ही डॉक्टर नाही, आमचं कोण ऐकणार?

उत्तर: आधी एक गोष्ट. जीव नकोसा झालाय असं जी बाई म्हणते तिला त्याच दिवशी सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

आता तुमचं कोण ऐकणार ते. तुम्ही विचारताय त्याचं उत्तर आपल्याच गोव्यात शोधलं गेलंय आणि जगभर वाचलं गेलंय, पण सत्तरीत ते कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं. मानसिक आरोग्यावर काम करणारी संगाथ ही संस्था इथे १९९६ पासून आहे. त्यांनी सरकारी खात्याला बरोबर घेऊन 'मानस' नावाचा मोठा अभ्यास केला, गोव्यातले २४ दवाखाने, त्यातली १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी जनरल प्रॅक्टिशनर. उदासी आणि चिंतेच्या आजारासाठी निम्म्या ठिकाणी डॉक्टरच्या जोडीला एक समुपदेशक बसवली. ती आरोग्याचं शिक्षण नसलेली, इथलीच, पदवी झालेली, ट्रेनिंग दिलेली बाई. ती पेशंटशी बोलायची, आजार समजावायची, पाठपुरावा करायची. गोळी लागेल तिथे डॉक्टर द्यायचे, आणि मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या वेळी येऊन अवघड केसेस बघायचे, दोघांनाही सल्ला द्यायचे. २०१० मध्ये निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरकारी केंद्रांत ज्यांचा आजार तपासून पक्का झाला होता त्यांच्यातले सहा महिन्यांनी बरे झालेले जवळजवळ ६६ टक्के, आणि जिथे समुपदेशक नव्हती तिथे साधारण ४२ टक्के. एवढा फरक नवीन औषधाने पडला असता तर पेपरात पहिल्या पानावर आलं असतं.

खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही आणि मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. माझा आपला अंदाज असा, की गावातला जुना डॉक्टर घर ओळखतो, सासू कोण, कर्ज किती, सगळं त्याला माहीत, म्हणजे समुपदेशकाचं थोडं काम तो आधीच करत असतो. सरकारी केंद्रात सकाळच्या ओपीडीत एका डॉक्टरसमोर लांब रांग असते, तिथे दुसऱ्या माणसाची खरी गरज आहे. म्हणजे जोडीने काम कुठेही केलं तरी फळतं असं नाही, भोक कुठे आहे ते बघून माणूस बसवावा लागतो.

तुमच्यासाठी यातून काय घेता येईल? तुम्ही पेशंट 'पाठवताय', तिथे गाडी अडतेय. पाठवू नका, जाऊन बसा. डॉक्टरकडे मोठा प्रस्ताव घेऊन जाऊ नका, आठवड्यातली एक ठरलेली सकाळ आणि ओपीडीजवळ एक खुर्ची मागा, म्हणावं, 'तुम्हाला जी बाई पुन्हा पुन्हा अंगदुखी घेऊन येते असं वाटतं तिला आमच्याकडे दहा मिनिटं पाठवा, आम्ही बोलून तुम्हाला तिच्या केसपेपरवर दोन ओळीत कळवतो.' त्यासाठी आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लेखी घ्या, तोंडी परवानगी डॉक्टरची बदली झाली की संपते. समुपदेशनाचं रीतसर ट्रेनिंग आधी घ्या, नुसत्या मायेवर हे काम करू नका. डॉक्टरना वेळ नाही हे खरंच असतं, तेव्हा पहिल्या महिन्यात त्यांचा वेळ वाचला असं त्यांना दिसलं पाहिजे, मग पुढचे दरवाजे तेच उघडतात. आणि श्रेयाचं आधीच बोलून घ्या, फोटो कुणाचा, अहवालात आकडे कुणाचे. संस्था आणि खातं यांचं बिनसतं ते बहुतेक वेळा इथे, पेशंटवरून भांडण झालेलं मी फार कमी बघितलंय.

प्रश्न (फोंडा): मी स्टाफ नर्स आहे, खाजगी नर्सिंग होममध्ये. रात्री पेशंट बिघडला की डॉक्टरना फोन करते तर 'बघ जरा' म्हणून ठेवतात. सिनियर आहेत, उलट कसं बोलणार.

उत्तर: उलट बोलायचं नाही, क्रमाने बोलायचं. अमेरिकेच्या नौदलातनं पाणबुड्यांवरची एक पद्धत तिथल्या इस्पितळांत आली आणि आता खूप देशांत शिकवतात, आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला काय हवंय. फोन करायच्या आधी चार्ट हातात घ्या आणि असं बोला: 'डॉक्टर, मी फर्स्ट फ्लोअरची नर्स, बेड ७ च्या मावशींसाठी फोन केलाय, अर्ध्या तासात वरचं बीपी ११० वरून ८४ वर आलंय, नाडी १२४ आहे आणि त्या असंबद्ध बोलतायत. काल पोटाचं ऑपरेशन झालंय, डायबेटीस आहे. मला आतून रक्तस्राव होत असेल अशी भीती वाटते. तुम्ही आत्ता येऊन बघा, आणि तोवर मी काय सुरू करू ते सांगा.' बघा, यात उर्मटपणा कुठेच नाही, पण 'बघ जरा' म्हणायला जागाही राहत नाही. ऑर्डर मिळाली की ती परत वाचून दाखवा आणि वेळ घालून लिहा. तरी आले नाहीत तर पुढचा फोन कुणाला करायचा हे मॅनेजमेंटकडून आधीच, शांत दिवशी, लेखी ठरवून घ्या, रात्री दोन वाजता ते ठरत नाही. आणि डॉक्टर मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना कळकळीची विनंती, रात्रभर पेशंटपाशी उभी असते ती नर्स, तिची काळजी हीसुद्धा एक तपासणी आहे.

प्रश्न (पुणे, माहेर माशेल): आई माशेलला एकटी असते, विसरायला लागलीय. कामाला येणारी बाई, शेजारच्या काकी, डॉक्टर, बँकेतला माणूस, सगळे मदत करतात, मी सगळ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय. आता भाऊ म्हणतो आईचा आजार गावभर केलास. चुकलं का माझं?

उत्तर: ग्रुप करायची कल्पना चांगली, पण सगळ्यांना सगळं कळायची गरज नसते, एवढं भावाचं बरोबर आहे. कामाच्या बाईला हे कळायला हवं की गॅस बंद केला का बघायचं, गोळी समोर बसून द्यायची आणि आई रात्रीची बाहेर पडायला लागली तर कुणाला फोन करायचा. तिला स्कॅनचा रिपोर्ट कशाला? बँकेतल्या माणसाला तर आजाराचं नावही नको, मोठी रक्कम काढायला आल्या तर मला फोन करा, एवढंच पुरतं. रिपोर्ट, औषधं, तपासण्या हे तुम्ही, भाऊ आणि डॉक्टर यांच्यातच ठेवा, आणि ग्रुपवर फक्त रोजच्या कामाचं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात गुप्ततेचा हक्क स्पष्ट लिहिलाय, आणि पुढे स्वतःला निर्णय घेता आला नाही तर आपल्या वतीने कोण बोलेल ते आधी लिहून ठेवायची सोयही आहे. आईला आत्ता समजतंय तोवर तिलाच विचारा, कुणाला सांगू, कुणाला नको. दोघं भावंडं आपसात ठरवताय आणि आईला कुणी विचारलंच नाही असं पत्र वाचून वाटलं, म्हणून स्पष्ट लिहिते.

शेजारच्या काकी आणि कामाची बाई यांचीही काळजी घ्या. डिमेन्शियात, म्हणजे विसरण्याच्या आजारात, सांभाळणाराच आधी मोडतो. गोव्यात यावर झालेल्या अभ्यासात, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, स्थानिक ट्रेनिंग घेतलेल्या बायका घरोघर जाऊन सांभाळणाऱ्यांशी बोलायच्या, रागावलेल्या, भटकणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते दाखवायच्या, मागे मानसोपचारतज्ज्ञ असायचे. त्याने सांभाळणाऱ्यांचा मनस्ताप खरोखर कमी झाला. तुम्ही पुण्याहून निदान एवढं करा, दर रविवारी काकींना फोन करून आईबद्दल नाही, त्यांच्याबद्दल विचारा, आणि महिन्यातले काही दिवस स्वतः किंवा भावाने येऊन त्यांना पूर्ण सुट्टी द्या. आणि पहिली तपासणी झाली नसेल तर थायरॉइड आणि बी-१२ बघायला सांगा, विसरण्याचं कारण कधी कधी तिथे सापडतं आणि ते बरं होण्यासारखं असतं. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन नावाची हेल्पलाइन आहे, नंबर १४५६७, योजना, कायदा, कुणी त्रास देत असेल तर, सगळ्यासाठी.

प्रश्न (वेर्णा): शेजारच्या खोलीत बांधकामावरचं कुटुंब आहे, गोव्यात येऊन पाच वर्षं झाली नाहीत म्हणून गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीन दयाळ कार्ड मिळत नाही म्हणतात. बाई पाच महिन्यांची गरोदर, अजून कुठेच नाव नाही.

उत्तर: कार्डासाठी थांबू नका. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे हे खरं, पण गरोदर बाईची नोंद, लसी, लोहाच्या गोळ्या यांचा त्या कार्डाशी संबंध नाही. तिला उद्याच आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात एएनएमकडे, म्हणजे तिथल्या सरकारी नर्सबाईकडे, घेऊन जा, पाच महिने म्हणजे उशीरच झालाय, बीपी, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी लगेच व्हायला हवी. अंगणवाडीतही नाव घाला, तिथे पोषण आहार मिळतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून देशभर आहे, सरकारी इस्पितळात बाळंतपण, सिझेरियन धरून, मोफत. तरी कुणी पैशाचं विचारलं तर भांडत बसू नका, सरळ समाजसेवा विभाग गाठा.

नोंद झाली की माता बाल संरक्षण कार्ड मिळेल. ते आरोग्य खातं आणि महिला बालकल्याण अशा दोघांचं मिळून आहे, म्हणून एएनएम आणि अंगणवाडी ताई दोघी त्यातच लिहितात. सातव्या आठव्या महिन्यात ही कुटुंबं बऱ्याचदा गावी जातात किंवा दुसऱ्या साइटवर हलतात, तेव्हा ते कार्ड पत्र्याच्या पेटीत बंद न ठेवता तिच्या पिशवीतच ठेवायला सांगा आणि पुढच्या गावच्या एएनएमला पहिल्या दिवशी दाखवायला सांगा, ती त्याच पानावर पुढचं लिहील.